वळलेलं वादळ

“मग बाबा, वादळ वळवलं कोणी?”

हमजाने विचारलं, उत्तर आपल्याला ठाऊकच आहे अशा चेहऱ्याने.

मे महिन्यातल्या वादळांपासून खारवेली गाव वाचावं म्हणून चाळीस दिवस तो टेकडीवरच्या दर्ग्यात जपाला बसला होता. चाळिसाव्या दिवशी वादळ गावासमोरून वायव्येला निघून गेलं. ते वळलं ही बातमी आणि कोणामुळे वळलं ही बातमी, दोन्ही गावात एकदमच पोचल्या. आता, चार दिवसांनी, मंडळी हार घेऊन पायऱ्यांवर उभी होती. दर्ग्याचे म्हातारे फकीर दाऊदबाबा थकले होते. त्यांनी आपल्या शिष्याचं, हमजाचं, नाव घेतलं, की दर्ग्याची गादी त्याची.

बाबांना घाई नव्हती. फकिरी घेण्याआधी तीस वर्षं ते मासेमारीच्या नावेवर तांडेल, म्हणजे नावेचे म्होरके, होते. आता ते खिडकीतून समुद्र बघत होते. दुपारचा, सायीसारखा, न हलणारा...

“माझ्या आजोबांनी सबंध आयुष्यात इथं मोठं वादळ एकदाच पाहिलं,” ते म्हणाले. “बाकीची वर्षं जपाला कोण बसलं होतं रे?”

“तुमचे आजोबाच बसले असतील.”

“ते? ते जुम्म्याच्या नमाजालासुद्धा झोपून असायचे.”

बाबांनी लोबानाचं धुपाटणं पुढे ओढलं. धुराचं वेटोळं संथपणे वर चढू लागलं. त्यांनी खालून एका बाजूने फुंकर घातली आणि वर, उलट्या बाजूने, मोरपिसांचा पंखा फिरवला.

वेटोळं मधेच तुटलं.

“पावसाळ्यात खालचा वारा इकडे, वरचा तिकडे. वादळाचं डोकं धडावर राहत नाही.”

“पण हा मे आहे, बाबा.”

“मेमध्ये डोकं धडावर राहतं. पण वरचा वारा त्याला बहुतेक वेळा तिकडेच हाकतो. वायव्येला.”

“म्हणजे माझे चाळीस दिवस फुकट?”

आवाज चढला होता. बाहेर कोणीतरी ढोलावर हलकेच थाप मारून पाहिली.

“बरं. तू म्हणतोस तसं. वादळ तुझं ऐकतं.”

हमजाचा चेहरा उजळला.

“मग भर समुद्रातच विरून जा, असं का नाही सांगितलंस त्याला?”

“मी...”

“काय सांगितलंस?”

“एवढंच, की आमच्या गावावर नको.”

“ऐकलं त्याने.”

बाबांनी कोनाड्यातला रेडिओ लावला. वादळ जिथे धडकलं त्या पलीकडच्या किनाऱ्याच्या बातम्या चालू होत्या. वाहून गेलेली घरं. न परतलेल्या नावा. मशिदीच्या छतावर बसलेली माणसं...

त्यांनी रेडिओ बंद केला.

“तिथल्या एखाद्या गावातही कोणी जपाला बसला असेल,” ते म्हणाले. “चाळीस दिवस.”

हमजा चटईच्या काड्यांकडे बघत राहिला. खाली खडकांवर पाणी येत होतं, जात होतं... जसं कोणी झोपेत श्वास घेतं.

हमजा म्हणाला, “बाबा, बाहेर माणसं थांबलीत. गादीचं काय सांगू त्यांना?”

बाबांनी डोळे मिटले.

“पलीकडे जो चाळीस दिवस बसला, त्याला शोध. जिवंत असला, तर गादी त्याची.”