गड उतरताना

"पण बाबा, पाठमोरं उतरायचं म्हटलं तर वाट दिसणार कशी?"

अच्युतराव टिपणीसांनी हे विचारलं, तेव्हा ते कड्यात खोदलेल्या उभ्या जिन्यावर अगदी मधोमध बसले होते. दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरून. खाली दरी होती आणि ऊन कलायला लागलं होतं.

सकाळी हाच जिना ते झपाझप चढून आले होते. गडावर देवीच्या देवळात राहणाऱ्या सोमगिरी गोसाव्यांचं शिष्यत्व मागायला. पण आल्या आल्या त्यांनी गोसाव्यांनाच गडाचा इतिहास ऐकवला. दरवाजा कुणी बांधला, वेढा कुणी घातला, फितूर कोण झालं... गोसाव्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शिष्य करायचं का, ते पायथ्याशी बोलू," एवढंच म्हणाले.

आणि आता पायथा काही येत नव्हता.

"जरा दम खातो, बाबा. मग सरळच उतरेन."

"खा."

बराच वेळ गेला. अच्युतरावांचा पाय काही उचलेना. गडकिल्ल्यांवर व्याख्यानं झोडणारा माणूस, तो काय पलंगावरून उतरणाऱ्या पोरासारखा उलटा उतरणार? कुणी पाहिलं तर? पण दरीकडे नजर गेली की ते पायरी आणखी घट्ट धरत होते.

सोमगिरी खालच्या पायरीवर उभे होते. त्यांनी दरीकडे पाठ केली, कातळाला हात लावले आणि एक पाय खाली सोडला. पाय चाचपडला... टेकला. मग ते थांबले.

"मला वाट दिसत नाही हो!"

"पायाला दिसते."

...

अच्युतराव वळले. नाक कातळाला लागलं. पाय खाली गेला, लोंबकळला, आणि पायरी लागली. मग आणखी एक. मग आणखी एक.

सपाट जमीन आली तसे ते मटकन खाली बसले. जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"सुटलो, बाबा! तुम्ही तर जन्मभर इथे चढता-उतरता. तुमची भीती कधी गेली?"

सोमगिरींनी दोन्ही हात पुढे धरले. तळवे घामाने ओले होते. बोटं अजून थरथरत होती.

"ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी मला वर चढू देऊ नकोस."