कालवडीची हिरडी

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी गुरांचा एक वृद्ध वैद्य राहत असे. त्याच्यापाशी एक शिष्य विद्या शिकत होता. शिष्य मोठा कष्टाळू. त्याने रानाचा एक तुकडा स्वतः तोडून-खणून साफ केला, तिथे नवे गवत पेरले आणि ते कुरण फक्त लहान वासरांसाठी राखले. मोठी गुरे आपली जुन्या, खडकाळ गायरानावर चरत.

पावसाळा सरता सरता त्याच्या लाडक्या कालवडीचा गाल सुजला. हिरड्या लाल झाल्या, दात हलू लागले. घास घ्यायला जाई नि तोंड फिरवी. याच दुखण्याने कुरणातला एक गोऱ्हा आधीच खंगून मेला होता. सकाळ-संध्याकाळ शिष्य तिच्या हिरड्यांना हळद-मीठ चोळी आणि मायेने पुन्हा कुरणात सोडी.

शेण काढणारी येसूमावशी म्हणाली, "वैद्यबुवा, औषध देताय का कैरीचं लोणचं घालताय?"

शिष्याला हसू आले नाही. शेवटी त्याने गुरूंना बोलावले.

गुरूंनी ओठ उचलून एकदाच पाहिले, दावे सोडले, आणि कालवडीला चालवत नेऊन गायरानावर तिच्या आईजवळ सोडून दिले.

"बाबा, आजाऱ्याला उपास? इथं दगडांशिवाय आहे काय?" शिष्य कळवळून म्हणाला.

"असू दे. आणि कुरण सगळ्याच वासरांना बंद."

शिष्य रुसला, पण ऐकले. रोज जाऊन तो ओठ उचलून बघे. हळूहळू गालाची सूज उतरली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी कालवड आईशेजारी उभी राहून निवांत रवंथ करताना दिसली. त्याचे डोळे भरून आले.

गुरू म्हणाले, "तुझी हळद खोटी नव्हती रे. पण सकाळी जखम धुवायची आणि दिवसभर ती जखम करणारं गवतच चारायचं, असं चाललं होतं. गायरानावरच्या गुरांचे दात शाबूत, दुखणं तेवढं तुझ्या कुरणातल्या वासरांना. हे दिसलं नाही तुला?"

"दिसलं होतं," शिष्य खाली बघत म्हणाला, "पण ते कुरण मी केलं होतं, बाबा."

"म्हणूनच. जीव ओतून जे दिलं, त्याच्यावर संशय घ्यायला मन धजत नाही."

शिष्य उठला, बाभळीची एक फांदी ओढत नेली आणि कुरणाच्या वाटेवर आडवी टाकली.

लेकराचं दुखतं खुपतं तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघावंच. पण एकदा आपल्या भरवत्या हाताकडेही बघावं.