बकुळाचं पोट आणि गोजरबाईचं जातं

एक होता राजा, आणि राजा म्हणजे अगदी बेताचा बरं का. दोन टेकड्या, एक नदी, पंचवीस-तीस गावं, संपलं राज्य. त्याला एकच मुलगी, बकुळा, सहा वर्षांची. पाय आत घ्या रे, पांघरूण ओढू नका.

तर एकदा काय झालं, राणीला सातवा महिना लागला आणि ती बाळंतपणाला माहेरी निघाली. माहेर लांब, घाटापलीकडे. बकुळाही जायची होती. तिनं आपलं गाठोडंसुद्धा बांधून ठेवलं होतं, दोन परकर आणि एक लाकडी घोडा. पण नेमका आदल्या दिवशी तिच्या अंगावर गोवर उठला. मग ठरलं, बकुळानं राहायचं. आणि तिला सांगायचं नाही. सांगितलं तर रडेल, ताप चढेल. म्हणून राणीनं झोपलेल्या लेकीच्या कपाळावर हात ठेवला आणि ती गेली. बकुळा उठली तेव्हा शेजारी आईच्या अंथरुणाची घडी होती.

मोठी माणसं कधीकधी फार शहाणपणा करतात. राजानं त्यावर आणखी केला. म्हणाला, "नाव निघालं की पोरीला आठवण होणार. राणी परत येईपर्यंत राजवाड्यात 'आई' हा शब्द कुणी काढायचा नाही." मग राणीची लुगडी पेटीत गेली. राणीच्या आवाजात 'जेवलीस का' म्हणणारा पोपट माळ्याच्या घरी गेला. आणि जात्यावरच्या ओव्या बंद झाल्या. का सांगा बरं? ओवी म्हटली की तिच्यात माहेर येणार, आणि माहेर आलं की आई येणार. दळणारी म्हातारी गोजरबाई बिचारी ओठातल्या ओठात पुटपुटायची, तेवढ्यावर जातं कसंबसं फिरायचं.

बकुळाचा गोवर उतरला. तिनं आईबद्दल एकदाही विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, पोर विसरली. अहो, विसरते कसली? तिला पाहिलं की जो तो उगाच हसायचा आणि दुसरंच काहीतरी बोलायचा. तिला वाटलं, आईचं नाव काढणं वाईट असावं. मग तिनं ते आतच ठेवलं. आणि तिचं पोट दुखायला लागलं.

मग वैद्य आला. त्यानं ओव्याचा काढा दिला, तो बकुळानं त्याच्याच धोतरावर ओतला. मग दाईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. सगळा राजवाडा खोकत सुटला, पण पोट दुखायचं काही थांबेना. मग राजानं तिला खेळायला हरणाचं पाडस आणलं. ते बिचारं आपल्या आईसाठी ओरडायला लागलं. तसं बकुळानं त्याला ढकललं, ताट भिरकावलं आणि ती दाईच्या हाताला कडकडून चावली. त्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. दोन घास, मग एक घास, मग तोही नको. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

मग एका दुपारी बकुळा दळणाच्या खोलीत जाऊन बसली. तिथं कुणी उगाच हसत नव्हतं, म्हणून. गोजरबाईनं तिच्याकडे पाहिलं, थोडी सरकली आणि म्हणाली, "धर खुंटा. पण सांगून ठेवते बाळ, हे माझ्या आजेसासूचं जातं आहे. मनातलं बोलल्याशिवाय फिरत नाही."

बकुळानं खुंटा धरला. म्हणाली, "माझं पोट दुखतं."

जातं हललंसुद्धा नाही.

मग बकुळा म्हणाली, "मला सगळ्यांचा राग येतो. वैद्याचा, दाईचा, आबांचा. पाडसाचासुद्धा."

जातं घरघरलं, अर्धा फेरा फिरलं आणि थांबलं. "खरं आहे," गोजरबाई म्हणाली, "पण अजून आहे काहीतरी खाली." पुढचा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण हुकूम होता ना राजाचा. आणि खरं सांगू, तो शब्द बकुळाचाच होता. तो दुसऱ्या कुणी बोलून चालला नसता.

बकुळा खाली बघून बसली. मग तिनं खुंटा घट्ट धरला. "आई मला न सांगता गेली," ती म्हणाली. "मला आई पाहिजे."

आणि मग काय सांगू तुम्हाला. जातं जे फिरायला लागलं, ते थांबेचना. बकुळा रडत होती, दळत होती, आई आई म्हणत होती, आणि पांढरंशुभ्र पीठ चहूबाजूंनी सांडत होतं. गोजरबाई नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. रडू नको म्हणून म्हणाली नाही.

राजानं ती घरघर ऐकली, तो शब्द ऐकला, आणि तो तरातरा आला. "गोजरबाई, माझा हुकूम कुठं गेला?"

गोजरबाई काही बोलायच्या आत बकुळाच म्हणाली, "आबा, तुम्ही पण बसा. बोलल्यावर बरं वाटतं."

राजा लेकीसाठी बसला. खुंटा धरून म्हणाला, "मला काही झालेलं नाही." जातं ढिम्म. दोन्ही हातांनी जोर लावला, कपाळाला घाम आला, तरी ढिम्म. मग त्यानं खुंट्यावरचा जोर सोडला. मग हळूच म्हणाला, "ती गेल्यापासून मला घरात यावंसंच वाटत नाही."

जातं फिरलं. बकुळा बघतच राहिली. म्हणजे हे आबांनाही होतं. तिला केवढा धीर आला म्हणून सांगू. त्या पिठाच्या भाकरी झाल्या, आणि बापलेकींनी एका ताटात दीड-दीड भाकरी खाल्ली.

मग राजानं हुकूम मागे घेतला, पोपट परत आला. पाडसाला बकुळानं स्वतः रानात नेऊन त्याच्या आईजवळ सोडलं. आठवण काही गेली नाही हं. रोज यायची. आली की दोघं जात्यावर बसायची, आईचं बोलायची, कधी रडायची, कधी हसायची. पोट मात्र पुन्हा दुखलं नाही.

बाळ तीन महिन्यांचं झालं आणि राणी घरी आली. सगळे पुढे धावले, पण बकुळा दारातच उभी राहिली. म्हणाली, "तू मला उठवलं नाहीस."

राणीनं बाळ दाईकडे दिलं आणि ती तिथंच पायरीवर बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तू रडशील म्हणून उठवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण मीच रडले असते गं."

"पुढच्या वेळी उठव," बकुळा म्हणाली. "आपण दोघी रडू." आणि जाऊन आईच्या मांडीत बसली.

मग राजा, राणी, बकुळा आणि बाळ सुखानं नांदली. तुम्हीही तशीच नांदा. आता डोळे मिटा. आणि कुणाला कुणाची आठवण आली, तर नुसतं कूस बदलत पडू नका. मला हलवा. मी रागावणार नाही.