बारकी आणि हिमकण

फार पूर्वी एका बर्फाळ गावातल्या स्टुडिओत कॅमेऱ्यांसाठी एक नियम होता: शेगडीची ऊब सोडून बाहेर जायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

बारकी नावाच्या नव्या कॅमेरापेटीला हिमकणाचा फोटो हवा होता. पण आत आणलेला प्रत्येक कण तिच्या भिंगाखाली येईपर्यंत विरघळे आणि फोटोत नुसता थेंब उमटे.

“बघ, बर्फ म्हणजे पाणीच,” कॅमेऱ्यांमध्ये सर्वांत वडील असलेले आबा म्हणाले. “त्याला कसला आलाय चेहरा!”

“आबा, तुम्ही त्याला कधी थंडीत पाहिलंय?”

“तोंड वर करून विचारते बघा!” आबांना तोलून धरणाऱ्या तिपाई आत्या करवादल्या.

बारकी सरळ पडवीत जाऊन बसली. तिची काच बर्फाइतकी गार झाली, तेव्हा एक कण भिंगाखाली उतरला आणि तसाच राहिला. फोटोत सहा नाजूक पाकळ्या उमटल्या. पुढच्या कणाच्या पाकळ्या निराळ्याच निघाल्या. बारकी खुशीत हसली आणि तिने दोन्ही फोटो खिडकीला लावले.

आबा बराच वेळ बघत राहिले. “छान आलेत हो. आता पुरे. आत ये, काच तडकेल.”

“तडकली तर तडकू दे, आबा. मी नाही येणार. अजून बर्फ पडतोय, आणि यातला एकही कण कुणी पाहिलेला नाही.”

आत्या आबांना घेऊन खिडकीच्या आणखी जवळ सरकल्या.