राणीचा पान्हा आणि संशयमणी

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. शूर होता, न्यायी होता, पण वादाची हौस भारी. एके दिवशी दरबारात कालदंष्ट्र मांत्रिक आला. त्याने मूठभर वाळूचा आंबा केला, आंब्याचा मोर केला, मोराला नाचवले. दरबाराने माना डोलावल्या. राजा मात्र हसला.

"सारे खोटे," तो म्हणाला.

मांत्रिकाने मोराची पुन्हा वाळू केली. "माझा मोर खोटा, तर महाराजांचे राज्य खरे कशावरून?"

मांत्रिकाने सुपारीएवढा धुरकट मणी त्याच्यापुढे ठेवला. "हा संशयमणी. उत्तर सापडेपर्यंत मुठीत धरावा," म्हणाला आणि चालता झाला.

राजाने मणी मुठीत धरला, तो पुन्हा खाली ठेवावासा त्याला वाटेना. ज्याच्याकडे पाहून तो 'हे खरे नसेल' म्हणे, ते नाहीसे होई. आणि ते कधी होते ही आठवणही माणसांच्या मनातून पुसली जाई. हत्ती गेले. माहूत हातातल्या अंकुशाकडे पाहून 'हे कशाचे?' असे एकमेकांना विचारू लागले. नदी गेली, पूल राहिला. लोक कोरड्या मातीवरचा पूल ओलांडत आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे.

एका सकाळी राणी पद्मरेखा केस विंचरत होती, तो तिची चोळी ओली झाली. पाहते तर पान्हा फुटलेला.

"दाई, मला मूल आहे का?"

"नाही, राणीसाहेब. नवस चालू आहेत."

"मग हा पान्हा कोणासाठी?"

राणी महालभर फिरली. एका दालनात छताला पाळण्याच्या कड्या होत्या, पाळणा नव्हता. ती कड्यांखाली बराच वेळ उभी राहिली. काही म्हणता काही आठवेना. डोळ्यांत पाणी आले, तेही कोणासाठी ते कळेना.

खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला. पाखरांवर मण्याचे काही चालत नसे. त्यांना माणसांची भाषा येते, माणसांचा संशय येत नाही.

"मुलगी आहे. सात महिन्यांची," भारद्वाज म्हणाला. "परवा राजाने तिला पाहिले आणि म्हणाला, इतकी गोड पोर खरी कशी असेल? मांत्रिकाच्या मण्याने ती नाहीशी झाली."

राणीने पदर खोचला. सात दिवस चालून ती मांत्रिकाच्या डोंगरावर पोचली. भारद्वाज पुढे, ती मागे.

"मुलगी परत हवी, तर तीन कामे कर," कालदंष्ट्र म्हणाला. "पहिले, त्या माळावरच्या मृगजळातून घागर भरून आण."

माळाच्या कडेला तीन पंडित बसले होते. त्यांचे ओठ फुटले होते. "बाई, ते पाणी खोटे आहे. आम्ही केव्हाच सिद्ध केले."

"असेल. पण तहान मला लागली आहे," राणी म्हणाली आणि पुढे गेली. ती जवळ जाई तसे पाणी लांब पळे. मग तिने डोळे मिटले. पाहणारे कोणी नाही म्हटल्यावर पाणी पळायचे थांबले. तिचे पाय घोट्यापर्यंत भिजले. तिने घागर भरली, परतताना पंडितांच्या ओंजळीत ओतली. ते घटाघटा प्याले. कोणी काही सिद्ध केले नाही. उरलेली घागर तिने मांत्रिकापुढे ठेवली.

कालदंष्ट्राने तीन तान्ह्या मुली पुढे आणल्या. तिघींचा चेहरा एकच. "यातली तुझी ओळख. चुकलीस तर तिघी जातील."

राणीला मुलीचा चेहरा आठवतच नव्हता. ओळखणार कशी? एवढ्यात तिघींनी टाहो फोडला. राणी खाली बसली आणि एकीला पदराखाली घेतले.

"अगोदर ओळख," मांत्रिक गरजला.

"अगोदर भूक," राणी म्हणाली.

तिने तिघींना पाजले. जिचे पोट भरे, तिला आपला चेहरा मिळे. एकीला माळ्याचे कान आले, दुसरीला पहारेकऱ्याची हनुवटी. राजाने त्यांच्या मुलींवरही संशय घेतला होता. तिसरीला राजाचे नाक आले.

कालदंष्ट्राने तिघींचे चेहरे निरखून पाहिले. मग म्हणाला, "तिघींना ने. तिसरे काम घरी आहे. राजाने मणी आपल्या हाताने खाली ठेवला पाहिजे. बळ नको, कपट नको."

एक पाठीशी, एक कडेवर, एक हातांत घेऊन राणी परतली. माळीण आणि पहारेकऱ्याची बायको आपापल्या दारात उभ्या होत्या. चोळ्या ओल्या, चेहरे गोंधळलेले. राणीने त्यांच्या मुली त्यांच्या हाती दिल्या. त्यांनी काही न विचारता घेतल्या.

राजवाड्याचे छप्पर गेले होते. सिंहासन गेले होते. राजा पायरीवर बसला होता, मूठ आवळून.

"तू कोण?"

"आपली राणी."

"खरी कशावरून?"

एक शब्द, की ती गेली आणि पोरही गेली.

"ठाऊक नाही, महाराज. वाटेत पुष्कळ विचार केला. पण हात भरून आले आहेत. हिला जरा धरता?"

राजाने एक हात पुढे केला.

"एका हाताने नाही. निसटेल."

राजाने मुठीकडे पाहिले, मुलीकडे पाहिले. त्याचे ओठ हलले. "ही खरी..."

"अगोदर धरा, मग बोला."

राजाने मणी पायरीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी मुलीला घेतले. मुलीने त्याच्या रेशमी वस्त्रावर लगेच शू केली. राजा ओल्या मांडीकडे पाहत राहिला. बोलायचे ते तो विसरून गेला.

"राणी," तो शेवटी म्हणाला, "हिची दुपटी कुठे असतात?"

मण्याची राख झाली. राणीला मुलीचा जन्म आठवला, पहिला दात आठवला, सारे एकदम आठवले आणि ती तिथेच पायरीवर बसून रडली. पुलाखालून पाणी धावले. हत्तींनी चीत्कार केला. छप्पर जागेवर आले, सिंहासनही आले, पण त्यावर जाऊन बसायची राजाला घाई नव्हती. दुपटी घेऊन दाई धावत आली आणि मुलीला आपल्याकडे मागू लागली, राजा देईना.

ज्याचे होते ते त्याला मिळाले. ऐकणाऱ्यांचेही त्यांना मिळो.