चावडीवर आणलेलं पान

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

त्या राज्यात डोंगराच्या कुशीत बटाटा पिकवणारं एक गाव होतं. शेतं एकमेकांना लागून, मध्ये फक्त हातभर बांध. राजधानीच्या बाजारात या गावाच्या बटाट्याला मान होता आणि गावात भिवरा नावाच्या शेतकरणीच्या बियाण्याला.

एका वर्षी पावसाची झड लागली ती थांबेचना. बारा दिवस ऊन पडलं नाही. दिवसभर भुरभुर, सकाळ-संध्याकाळ धुकं. बटाट्याची पानं घटकाभरसुद्धा कोरडी होईनात.

तेराव्या दिवशी भिवराला शेताच्या सखल कोपऱ्यात पानांवर काळपट डाग दिसले. तिने एक पान उलटलं. खाली पिठासारखी पांढरी बुरशी होती. करपा!

तिचा नवरा मालोबा म्हणाला, "अगं, कोपराच तर आहे. ऊन पडलं की थांबेल. गावात कळलं तर आपलं बियाणं कोण घेईल? गप्प राहा."

भिवरा गप्प राहिली. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी डाग दहा सऱ्या ओलांडून पुढे आले होते. बांधापलीकडे म्हाताऱ्या येसूबाईचं शेत हिरवंगार उभं होतं. त्या एकट्या बाईचं वर्षाचं पोट त्या शेतावर होतं. भिवराने डाग पडलेलं पान तोडलं, ओच्यात गुंडाळलं आणि थेट चावडी गाठली.

"पाटील," ती म्हणाली, "माझ्या शेतात करपा आलाय. काल दिसला होता. काल मी लपवला, ते माझं चुकलं."

जवळ बसलेले दोघे जरा बाजूला सरकले. मग मागून कोंडाजी नावाचा शेतकरी उठला. त्याची मान खाली होती.

"माझ्याकडे चार दिवसांपासून आहे."

"माझ्याही ओढ्याकाठच्या तुकड्यात आहे," आणखी एक जण पुटपुटला.

बघता बघता पाच जण उभे राहिले. पाटील संतापले. "पाच घरांना माहीत, आणि गावाला नाही?"

"रागवायचं नंतर, पाटील," येसूबाई काठी टेकत उठली. "माझ्या सासऱ्यांनी अशी झड पाहिली होती. काय करायचं ते मला ठाऊक आहे. सगळे आलात तरच जमेल."

सगळे आले. आजारी शेतांतला पाला जमिनीलगत कापला आणि लांब नेऊन खोल खड्ड्यात पुरला. उघडे पडलेले बटाटे मातीची भर देऊन झाकले. साचलेल्या पाण्याला चर काढून वाट दिली. आजारी शेतातून आलेला माणूस पाय आणि विळा धुतल्याशिवाय दुसऱ्या शेतात शिरेना. पाऊस जरा उघडला, की मोरचूद आणि चुन्याचं पाणी निरोगी पानांवर, खालून-वरून, शिंपलं जाई.

भिवराचं अर्धं शेत बोडकं झालं. मालोबा बांधावर तोंड फिरवून उभा होता. बायको एकटीच कापते आहे हे पाहून त्याला राहवेना. त्याने विळा उचलला आणि तिच्या शेजारच्या सरीत बसला.

आठ दिवसांनी डाग थांबले. येसूबाईच्या शेतात एकही पान काळं पडलं नाही.

तरी काढणीची घाई तिने कुणाला करू दिली नाही. "पाला कापून पंधरा दिवस होऊ द्या. साल घट्ट झाली की कोरड्या दिवशी काढा. ओला बटाटा ढिगात घालू नका. डागी वेगळा टाका."

डोंगरापलीकडच्या गावातही तोच करपा आला होता. तिथे प्रत्येकाने आपापला लपवला. तिथले ढीग आठवडाभरात नासले आणि व्यापारी नाकाला उपरणं लावून परतले. या गावात मात्र गाड्या कमी भरल्या, तरी एकेक बटाटा टणक होता. त्या साली राजधानीत चांगला बटाटा फक्त इथलाच पोचला.

गाड्या निघायच्या दिवशी हलगी वाजली. पाटलांनी भिवराला पहिल्या गाडीत बसवलं. मालोबा चाचरत म्हणाला, "पुढच्या साली आमचं बियाणं कुणी घेईल का?"

"मी घेईन!" येसूबाई सर्वांसमोर कडाडली. "जी आपल्या शेतातला रोग स्वतः सांगते, तिने चांगलं म्हटलेलं बियाणं मी न बघता घेईन."

"आम्हीही!" गाव एका आवाजात ओरडलं. भिवरा हसली, डोळे पुसले आणि बैलांना हाक दिली.

तात्पर्य : संकट लपवलं तर सगळ्यांचं होतं, वेळेवर सांगितलं तर सगळे मिळून त्याला हरवतात.