टेलिफोनचं मुळातलं अंग

तारेवरून बोलण्याचे दिवस सरत आले होते, तेव्हाची गोष्ट. वापरून पिवळ्या पडलेल्या टेलिफोनचं कवच वसुधाबाईंनी सुटं केलं, त्याला पिवळेपणा काढायचं औषध फासलं आणि उन्हात ठेवलं. हळूहळू तो उतरला.

"बाई, अजून ठेवा," कवच म्हणालं. "मला तुमच्या चहाच्या कपासारखं पांढरंशुभ्र व्हायचंय."

"हट्ट पुरे. जास्त राहून ठिसूळ झालंस तर रिसीव्हर ठेवताच तडकशील."

"तडकेन, पण पांढरं होऊन!"

वसुधाबाईंनी त्याला उलटं केलं. आतल्या बाजूला ना वापर लागला होता, ना औषध. तिचा रंग सायीसारखा होता.

"अरे, साच्यातून निघालो तेव्हा आपण दोघं अशीच होतो," आतली बाजू म्हणाली.

कवचाने स्वतःकडे पाहिलं. तोच रंग बाहेरही आला होता.

"बाई," ते हळूच म्हणालं, "औषध धुता का?"